आसरांच्या रानाची मोजणी

सुलभा मॅडमच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बुऱ्हाणपुरातल्या कुठल्याही पोरापोरीला झोपेतून उठवून विचारा, मॅडमचं एक वाक्य ते घडाघडा म्हणून दाखवतील: "चिठ्ठी निघाली ती निघाली." कॉलेजात नव्याने आलेल्यांना हे आधी भिशीचं काहीतरी वाटे. मॅडमचा मात्र तो धर्मच होता.

अख्ख्या जंगलातली झाडं मोजायची म्हटली तर जन्म पुरायचा नाही. म्हणून नकाशावर सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, नंबरांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि डोळे मिटून हव्या तेवढ्या काढायच्या. ज्या चौकोनाची चिठ्ठी निघाली तिथं जायचं. काटे असोत, कडा असो, नाहीतर गांधीलमाशांचं पोळं असो. दोरी धरून चौकोन आखायचा आणि आतलं झाड न् झाड लिहायचं, नाव काय आणि छातीच्या उंचीवर घेर किती. संगणक हे नंबर चुटकीसरशी काढून देतो, हे सुलभाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मडक्यातली चिठ्ठी सगळ्यांना दिसते. 'मॅडमनी आपल्या सोयीचं पाहिलं' असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. सागाची लागवड असेल तर ते खरंच आहे, दोनचार चौकोन पाहिले की काम भागतं. पण सातपुड्याचं रान म्हणजे भोगीची भाजी. गाजर, वांगं, हरभरा, वालाच्या शेंगा, आणि कुठंतरी तळाशी एखादं बोर. डावभर भाजी ताटात घेतली नि त्यात बोर आलं नाही, तर खाणारा खुशाल म्हणणार, हिच्यात बोर घातलंच नाही. म्हणून सुलभा वर्गात बजावून सांगायची, मिश्र रानात चिठ्ठी निघालेला एकही चौकोन सोडू नका. जो सोडाल त्यातच नेमकं बोर असेल.

असं बजावणाऱ्या बाईनेच एक चौकोन सोडला. तोही स्वतःच्या माहेरी.

सुलभाचं माहेर अंजनखेडा. डोंगराच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेलं गाव. बागा हिरव्यागार, पण बोअरचं पाणी दरवर्षी खोल चाललेलं. गावाच्या वर दोन नाले आहेत, एक वरचा आणि एक खालचा. त्यांतल्या एकावर तलाव बांधायचं सरकारदरबारी ठरलं. पाणी दोन्हीकडून गावालाच यायचं होतं, त्यामुळे नाला कुठला याच्याशी गावाला फारसं घेणंदेणं नव्हतं. सुलभाचे वडील देवराम तर म्हणाले, "कुठं बी बांधा, पण मी हाये तवर बांधा." मग कुणा शहाण्या अधिकाऱ्याने टिपण लिहिलं की ज्या नाल्यात झाडांच्या जाती कमी, तिथं तलाव करावा. मोजणीचं काम आलं कॉलेजकडे, म्हणजे सुलभाकडे.

सुलभाला कोण आनंद झाला. तिने पद्धत स्वतः लिहून दिली. दोन्ही नाल्यांना सारखेच चौकोन, चिठ्ठीनेच निवडलेले. आणि खाली ठळक अक्षरांत एक नियम: चौकोनाबाहेरचं कुठलंही झाड, ते कितीही मोलाचं असलं तरी, हिशेबात धरलं जाणार नाही. नाहीतर प्रत्येकजण आपलं लाडकं झाड दाखवत बसेल आणि मोजणीचा बाजार होईल. लिहून झाल्यावर तो नियम तिने पुन्हा वाचला आणि स्वतःवरच खूश झाली.

संक्रांतीच्या आधी चिठ्ठ्या निघाल्या. मारुतीच्या पारावर मडकं ठेवलं, गाव जमलं. मोनाली नावाची एक हुशार विद्यार्थिनी सुलभाच्या हाताखाली होती, तिने हात घातला. खालच्या नाल्याच्या चिठ्ठ्यांमधली एक निघाली आसरांच्या डोहाची.

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. खालच्या नाल्याला एक वळण आहे, तिथं उन्हाळ्यातही डोह आटत नाही. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, आणि भोवती दाट रान. आजूबाजूच्या टेकड्या फाल्गुनात खराट्यासारख्या होतात, पण हे एवढं रान हिरवंच राहतं. तिथलं लाकूड कुणी तोडत नाही, फांदी कुणी ओढत नाही. आणि तिथलं काही मोजायचं नाही, बांगड्यासुद्धा नाहीत. हा नियम गावचा. पण तो सगळ्यांत जास्त पाळणारी बाई म्हणजे सुलभाची आई, मालूबाई.

मालूबाईचं आणि मोजणीचं वाकडं होतं. इक्याण्णव साली जनगणनेचे मास्तर दारात आले नि त्यांनी विचारलं, बाई, मुलं किती? मालूबाईने बोटं दाखवून सांगितलं, तीन. सुलभा, योगेंद्र आणि धाकटा चेतन. त्याच पावसाळ्यात चेतनला ताप भरला. बैलगाडीतून बुऱ्हाणपूरला नेईपर्यंत पोर हातचं गेलं. तीन तिघाडा काम बिघाडा, असं कुणा जावेने बोलून दाखवलं, आणि ते मालूबाईच्या काळजात जाऊन बसलं. तेव्हापासून ती काही मोजत नाही. टोपलीतल्या भाकरी मोजत नाही, गोठ्यातली गुरं मोजत नाही. मुलं किती विचारलं तर म्हणते, देवाने दिली तेवढी. डॉक्टरने दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा देवराम मोजून तिच्या तळहातावर ठेवतो, तेव्हा ती दुसरीकडे बघते. सुलभाला याचं कधी हसू यायचं, कधी राग यायचा, आणि कधी चेतनची आठवण येऊन काहीच सुचायचं नाही.

भोगीच्या दिवशी सुलभा आणि मोनाली जेवायला घरी आल्या होत्या. तिळाची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. मालूबाईने मोनालीला आग्रह करकरून वाढलं आणि मग चुलीपाशी बसून, लेकीकडे न बघता म्हणाली, "सुलू, आसरांच्या रानात नको जाऊ वं टेप घेऊन."

"माय, चिठ्ठी निघाली आहे."

"निघू दे. दुसरी काढ. बाकी सारं डोंगर मोज, मी तुले कधी काही म्हटलं? पन तिथलं नको. योगू तिकडे सुरतेत एकटा हाये. मले भ्या वाटते."

सुलभाने तोंड उघडलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. हे रान मोजलं नाही तर कागदावर ते नसल्यासारखंच होईल, कागदावर नसलं तर त्याला कोण विचारणार, एवढंच सांगायचं होतं. समोर भोगीच्या भाजीचं पातेलंही होतं. त्यातलं बोर दाखवून आईला अर्ध्या तासात सगळं समजावता आलं असतं. पण आईचे डोळे भरलेले दिसले आणि सुलभाच्या मनाने सोपी वाट धरली. अडाण्याला काय समजवायचं, असं तिला वाटलं नाही. तिला वाटलं, आईचं मन राखावं. दोहोंत फार अंतर नव्हतं, हे तिला फार उशिरा कळलं.

"बरं माय. नाही मोजत."

दुसऱ्या दिवशी नाल्यात उतरल्यावर तिने मोनालीला सांगितलं की आसरांचा चौकोन सोडून शेजारच्या टेकाडावरचा घेऊ.

मोनाली थांबलीच. "मॅडम, पण चिठ्ठी तो वही निकली थी ना? तुम्हीच म्हणता..."

"देवाची जागा आहे. गावाचं मन राखावं लागतं. एका चौकोनाने काय होतंय?"

"जी मॅडम," मोनाली म्हणाली आणि दोरी घेऊन टेकाडाकडे निघाली. तिथं साग, सालई आणि धावडा, दुसरं काही नाही. काम पटकन उरकलं.

होळीच्या आत अहवाल गेला. आकडे जुळवताना सुलभाच्या लक्षात आलं होतं की दोन्ही नाले जवळपास बरोबरीत आहेत, वरचा किंचित पुढे. तिला रुखरुख लागली. पण असं किंचित कोण बघतं, पाटबंधारे विभागाला वरच्या नाल्याचा रस्ता सोयीचा आहे, ते तिथंच बांधतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि हरकती घ्यायची मुदत कधी लागली नि कधी संपली ते तिला कळलंही नाही.

खालच्या नाल्याचं नक्की झालं, हे तिला देवरामनेच फोनवर सांगितलं. तो खुशीत होता. "पोरी, तुझ्या मोजणीनं काम फत्ते झालं पाय! साहेब म्हने, रिपोट असा पायजे."

सुलभा तशीच बुऱ्हाणपुरातल्या, लोधीपुऱ्यातल्या आपल्या घरातून निघाली आणि विभागाच्या कचेरीत जाऊन पोचली. लीलाधर नावाचे अधिकारी होते, सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला.

"साहेब, खालच्या नाल्यात एक रान राहून गेलंय. तिथं ज्या जाती आहेत त्या दोन्हीकडे कुठंच नाहीत."

"चौकोनात आलं होतं का ते?"

"आलं होतं. आम्ही तो चौकोन बदलला."

लीलाधरनी फाइल उघडली, पान तिच्याकडे वळवलं आणि त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मॅडम, नियम तर तुमचाच आहे. आता एका नाल्यातली झाडं वरून जोडली, तर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील आमचीही जोडा. आणि हरकतींची तारीख गेली. ठेका दिला गेलाय. आता माझ्या हातात काही नाही."

चहा तसाच राहिला. सुलभा बाहेर आली, पण घराकडे न जाता राजघाटावर जाऊन बसली. तापीचं पाणी उन्हाळ्याने आत सरकलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिने त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. आपल्याला वर्गाबाहेर काढायला कुणी नाही, याचंच तिला रडू आलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. अंजनखेड्यात कडुनिंबांना झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. सुलभा दोन दिवस आधीच आली. आईला कसं सांगायचं याची वाक्यं तिने बसमध्येच जुळवून ठेवली होती. ती वाक्यं कामी आलीच नाहीत. देवरामने जेवता जेवता सांगून टाकलं होतं की आसरांचं रान पाण्याखाली जाणार, आणि का, तर मोजणीत तिथं झाडंच नव्हती.

सुलभा ओसरीवर टेकते न टेकते तोच मालूबाई पुढे येऊन उभी राहिली. "सुलू, तुझे बाबा म्हनतात, मोजलं नाही म्हनून ते रान चाललं. खरं हाये?"

"खरं आहे माय."

"मी म्हटलं म्हनून?"

"मी ऐकलं म्हणून."

मालूबाई आत गेली. सुलभाला वाटलं, ती आता देवापुढे बसून रडेल. पण ती हळदकुंकवाची कुयरी पदरात बांधून बाहेर आली आणि पायात चपला सरकवल्या. "चाल. टेप घे. मी सोता मोजते."

हीच ती वेळ होती. माय, आता उपयोग नाही, तारीख गेली, एवढं म्हणायचं होतं. सुलभाने आईकडे पाहिलं. जी बाई गोळ्या मोजताना तोंड फिरवते ती आज स्वतःहून निघाली होती, चेहरा घट्ट करून, लढायला निघाल्यासारखी. त्या चेहऱ्यावर पाणी ओतायचं सुलभाच्या जिवावर आलं. वाटेत सांगू, असं तिने ठरवलं. वाटेत मालूबाई तिच्या पुढे पुढे चालत राहिली आणि सुलभाने तेही टाळलं.

डोहाकाठी गारवा होता. मालूबाईने सात दगडांना हळदकुंकू लावलं, पदर पसरला, "माया वं, माफी कर, तुमच्याचसाठी करते," असं पुटपुटली आणि पहिल्या झाडापाशी गेली. अर्जुनाचं जुनं झाड होतं. तिने खोडावर तळहात टेकला.

"लाभ," ती म्हणाली.

खळ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लहानपणी बापाच्या खळ्यात ऐकलेलं, पस्तीस वर्षं न उच्चारलेलं ते मोजमाप मालूबाईने जिथं सोडलं होतं तिथून उचललं. "दोन," ती करंजाला म्हणाली. तिसऱ्या झाडापाशी ती अडली. हात खोडावर होता, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. सुलभा पुढे झाली, तेवढ्यात तिने डोळे मिटून म्हटलं, "तीन," आणि ती पुढे सरकली.

मग थांबली नाही. विसापर्यंत गेली की एक खडा पदरात टाकायची आणि पुन्हा लाभपासून सुरू करायची. मागून सुलभा टेप लावत होती, नावं लिहीत होती. कळंब, कुसुम, उंबर, भोकर, जांभूळ, पाडळ. पाडळीची फुलं खाली पडली होती, त्यांचा वास सुटला होता. इथं ना मडकं होतं ना चिठ्ठी, रानातलं एकेक झाड कागदावर येत होतं. लिहिता लिहिता सुलभाच्या मनात हिशेब होत गेला, नको म्हटलं तरी झाला. हा एक चौकोन त्या दिवशी मोजला असता तर खालचा नाला नुसता पुढे नव्हे, कितीतरी पुढे गेला असता. वाद घालायलासुद्धा जागा उरली नसती.

ऊन कलताना मालूबाई शेवटच्या झाडापाशी पोचली. पदरातले खडे हाताने चाचपले. "चार ईस आन् वर सहा," ती म्हणाली. घामाने कुंकू ओघळलं होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. सुलभाने आईला असं निश्चिंत कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लिवलं?"

"लिहिलं माय."

"सारे?"

"सगळे."

"मंग आता वाचतीन ना झाडं?"

सुलभाच्या हातात टेप तशीच लोंबत राहिली. आता टाळायला वाट उरली नव्हती. "नाही माय," ती म्हणाली. "तारीख गेली. मी कचेरीत जाऊन आले. आता काही होत नाही."

मालूबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. तिने मान वर करून झाडांकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुले घरीच ठाऊक होतं?"

"हो."

"मंग मले मोजू काऊन दिलं?"

तुझा जीव दुखवायचा नव्हता, हेच उत्तर होतं, आणि ते ती संक्रांतीलाही देऊन चुकली होती. ती रडू लागली. मालूबाईने तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. तिने पदराची गाठ सोडली, खडे डोहात टाकले, आणि गुडघ्यांवर हात देत काठ चढू लागली. वर, जिथं मोबाइलला रेंज येते त्या खडकापाशी जाऊन ती उभी राहिली.

"योगूले फोन लाव."

"माय, सकाळीच तर बोललीस त्याच्याशी..."

"लाव म्हनते ना."

सुलभाने फोन लावून आईच्या हातात दिला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मालूबाईने फोन कानापासून हलवलाच नाही. सुलभाने तो हळूच घेऊन पुन्हा लावला आणि पुन्हा आईच्या कानाला धरला. शेवटी पलीकडून कापड गिरणीची घरघर आणि योगेंद्रचा मोठा आवाज ऐकू आला, "काय गं माय, आता काय झालं?"

"काही नाही रे बाप्पा," मालूबाई म्हणाली. दोन्ही हातांनी तिने फोन कानाशी दाबून धरला होता. "असाच केला. तुले ताप-बीप नाही ना?"